ठमाईची चालती गोष्ट

फार वर्षांपूर्वी, म्हणजे घाटात अजून गाडीवाट झाली नव्हती तेव्हा, मोरदरी हे गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. आज ते समोरच्या पठारावर आहे. खालचं गाव वर कसं आलं ते मोरदरीत कुणालाही विचारा, पाच वर्षांचं पोर असो की पंच्याऐंशीची म्हातारी, उत्तर एकच मिळेल. ठमाईनं आणलं. कशावर घालून आणलं? बैलावर नाही, डोक्यावरही नाही. गोष्टीवर घालून आणलं, असं म्हणतात.

तेव्हा तिला ठमाई कुणी म्हणत नव्हतं. ती नुसती ठमा. नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. रानात हिरडा वेचायचा, वाळवायचा आणि पाटीत भरून घाटाखालच्या बाजारात न्यायचा, हा तिचा उद्योग. बाजार चार कोसांवर. इतर बाया तिच्यासाठी वेशीवर थांबून राहायच्या, कारण ठमा चालता चालता गोष्ट सांगायची आणि गोष्ट ऐकताना डोक्यावरची पाटी हलकी व्हायची. किती हलकी? बाजारात पोचल्यावर बाया पाटी उतरवायला विसरायच्या, असं म्हणतात. पण एक होतं. ठमाला बसून गोष्ट सांगता यायची नाही. वाटेत दगडावर टेकली की तिची गोष्ट थांबायची. उठून पहिलं पाऊल टाकलं की जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू.

या गोष्टी तिला तिच्या आत्यानं दिल्या होत्या, आणि देताना वेगवेगळ्या करून दिल्या होत्या, जसं बियाणं वेगळं ठेवतात तसं. काही गोष्टी देवादिकांच्या. जग नवं होतं तेव्हाच्या. काही आपल्या माणसांच्या. या गावात, या पाणवठ्यावर जे राहून गेले त्यांच्या. आणि काही कुणाच्याच नाहीत. त्यांतल्या राजाला नाव नसतं, गावाला शीव नसते, आणि वाघ बोलतो. आत्या म्हणायची, पहिलीला खोटं म्हणू नको, दुसरीला फुगवू नको, आणि तिसरीला अडवू नको, ती जाईल तिकडं जाऊ दे.

त्या वर्षी श्रावणात पाऊस असा लागला की नऊ दिवस कुणाला सूर्य दिसला नाही. भातखाचरं तुडुंब भरली. आणि त्या एवढ्या पाण्यात गावाचा झरा आटला. आदल्या दिवशी तांबडं पाणी आलं, दुसऱ्या दिवशी थेंब नाही. बाकीच्यांनी फार मनावर घेतलं नाही, आभाळातून पाणी पडत होतं, झरा कुणाला हवा होता? ठमा मात्र इरलं पांघरून डोंगर चढली. या डोंगराचं नाव आडवा. त्याच्या खांद्यावर, करवंदीच्या जाळीपाशी, जमीन फाटलेली तिला दिसली. सकाळी फटीत बोट जात होतं. संध्याकाळी ती पुन्हा गेली तर हात गेला, कोपरापर्यंत. आणि जाळीतली झाडं गावाकडं वाकून बघत होती.

ठमा खाली आली आणि देवळात गेली. पावसामुळं शेतावर कुणी नव्हतं, सगळा गाव देवळातच होता. गोष्ट सांगायची म्हणून ती गाभाऱ्याभोवती चालत राहिली आणि तिनं आडव्या डोंगराची गोष्ट सांगितली. जग नवं होतं तेव्हा देवीनं सगळ्या डोंगरांना जागा वाटून दिल्या. हा डोंगर उशिरा आला. उभं राहायला जागा उरली नव्हती, तेव्हा देवी म्हणाली, तू इथं आडवा हो. डोंगर म्हणाला, आणि कूस अवघडली तर? देवी म्हणाली, मग खुशाल बदल, पण त्याआधी झरा मिटून माझ्या लेकरांना सांग, म्हणजे ती बाजूला होतील.

सगळ्यांनी गोष्ट ऐकली आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी हात जोडले. कुणी नारळ फोडला, कुणी बकरं कबूल केलं, गुरवानं देवीला नवं लुगडं नेसवलं. आणि मग सगळे आपापल्या घरी जाऊन निर्धास्त झोपले. ठमाला कळलं की देवीची गोष्ट ऐकून माणसं वाकतात, पण वाकलेली माणसं जागची हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी फटीत कुदळीचा दांडा बुडाला. ठमा चावडीवर गेली. तिथं गावचा दुंदाजी पाटील बसला होता, चार जाणती माणसं होती. या वेळी येरझाऱ्या घालत तिनं खेवजीची गोष्ट काढली. खेवजी म्हणजे मोरदरीचा मूळपुरुष, पाटलांच्या घराण्यातला. एकदा डोंगर घसरला तेव्हा खेवजीनं तो खांद्यावर झेलला आणि गाव वाचवलं, असं सगळे सांगत. ठमानं तसं सांगितलं नाही. तिनं आत्यानं सांगितलं होतं तसं सांगितलं. डोंगर घसरला तेव्हा खेवजी पळाला. वासरू खांद्यावर, बायको पुढं, आणि तो पळाला. मागं राहिले ते सगळे गाडले गेले. मग खेवजीनं पुन्हा इथंच घर बांधलं, कारण त्याची शेतं इथं होती.

दुंदाजी पाटील मनानं वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या देवघरात खेवजीचा चांदीचा टाक होता आणि त्या टाकाला तो रोज गंध लावायचा.

"ठमे," तो म्हणाला, "आमचा खेवजी पळाला म्हणतेस तू?"

"पळाला म्हणून तर तुम्ही हाय, पाटील. पळाला म्हणून आपण सगळे हाय."

पाटलानं तिला पुढं बोलू दिलं नाही. खेवजीच्या वंशातली माणसं डोंगराला पाठ दाखवणार नाहीत, असं त्यानं सांगून टाकलं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. दोघातिघांनी तर छाती पुढं काढून उभं राहून दाखवलं. ठमा बाहेर आली. आपल्या माणसांची गोष्ट ऐकून गावाची मान ताठ झाली होती, आणि आता तर ते अजिबातच हलणार नव्हते.

ती तशीच भिजत चालत गेली ती गावाच्या वरच्या टोकाला, भागीच्या खोपटापाशी. भागी म्हणजे टोपल्या विणणारी एकटी म्हातारी. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. अख्ख्या मोरदरीत ठमाची एकही गोष्ट न ऐकलेली ती एकटीच, आणि तरी ठमाचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर होता. दोघी हातांच्या खुणांनी बोलायच्या. ठमा दारात टेकली. समोर भागीचं वासरू चिखलात पाय रोवून उभं होतं, गोठ्यात यायला तयार नव्हतं. भागीनं त्याला मागून ढकललं नाही. दावं ओढलं नाही. ती मूठभर हिरवं गवत घेऊन वासराच्या पुढं गेली, त्याच्या नाकाला ते लावलं आणि पाठमोरी होऊन सावकाश चालू लागली. वासरू तिच्या मागं मागं चालत गोठ्यात शिरलं.

ठमा बराच वेळ त्या वासराकडं बघत राहिली. मग उठून घरी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठमा गावाच्या खालच्या टोकाला पहिल्या घरासमोर उभी राहिली. देवीचं नाव नाही, खेवजीचं नाव नाही, डोंगराचा तर शब्दच नाही. ती म्हणाली, "एक होती बाई. ती एकदा सुपात तांदूळ पाखडत होती, तर कोंड्यातून एक नदी पडली. बोटाएवढी."

आणि ती चालायला लागली.

दारात बसलेली पोरं उठून तिच्या मागं गेली. बोटाएवढी नदी सुपात वळवळत होती. बाईनं तिला वाटीत ठेवलं, ती वाटीत मावेना. तिला गाडग्यात ठेवलं, ती गाडग्यात मावेना. रांजणात ठेवली तेव्हा नदी आतून म्हणाली, आई, मला समुद्र बघायचाय. पोरांच्या आया पोरांना न्यायला आल्या आणि, समुद्र म्हणजे किती लांब, असं विचारत मागं चालू लागल्या. बाईनं नदीला घागरीत घातलं, घागर कमरेवर घेतली आणि वाट धरली. वाटेत वाघ आडवा आला. तो सात दिवसांचा तहानलेला होता. तो म्हणाला, एक घोट दे, नाहीतर तुला खातो. एक घोट दिला तर नदी तेवढी लहान होणार, आणि नाही दिला तर बाई मरणार.

इथं ठमा वळणावर दिसेनाशी झाली. पुढचं ऐकायचं तर वळणापर्यंत जायलाच हवं होतं.

अशा घरांमागून घरं निघाली. म्हाताऱ्यांना नातवांनी पाठुंगळी घेतलं. पाळण्यातली बाळं झोळीत आली. चुलीवर भात शिजत होता तो तसाच राहिला. माणसं गेली म्हणून कुत्री गेली, आणि गुरांनी दावी तोडली, असं म्हणतात. ठमा गावातून निघाली ती समोरच्या पठाराच्या सोंडेचा चढ चढू लागली. पाऊस कोसळत होता, पण तिचा आवाज जिथवर जात होता तेवढी वाट कोरडी राहत होती, असं म्हणतात. आणि तो आवाज रांगेतल्या शेवटच्या माणसालाही पहिल्या माणसाएवढाच ऐकू येत होता.

दुंदाजी पाटलाला हे कळलं तेव्हा गाव अर्धा रिकामा झाला होता. तो घोंगडं पांघरून, काठी घेऊन माणसांना परत आणायला निघाला. आपण गोष्ट ऐकायला आलेलो नाही, हे त्यानं भेटेल त्याला बजावून सांगितलं. अर्ध्या चढावर त्यानं शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, वाघाचं काय झालं? मग गोष्टीत राजा आला. राजाला नदी कोंडून ठेवायची होती, आपल्या एकट्याच्या बागेसाठी. त्यानं बाईला घागरीच्या वजनाएवढं सोनं देऊ केलं. बाई म्हणाली, तोल मग. तराजूत घागर ठेवली. राजाचं सगळं भांडार दुसऱ्या पारड्यात गेलं तरी घागर जागची उठेना. पाटील आता पुढच्या ओळीत आला होता आणि काठी कुठं राहिली हे त्याला आठवत नव्हतं.

दुपारच्या सुमाराला ठमा पठारावर पोचली. तिच्या मागून गाव पोचला. गोष्ट तेव्हा अशा ठिकाणी होती की बाईला लाटांचा आवाज ऐकू येत होता, समोर वाळूची शेवटची टेकडी होती, आणि घागरीत घोटभरच नदी उरली होती. वाटेत तिनं सगळ्यांना पाजली होती, वाघाला, वाळलेल्या झाडाला, नव्या नवरीला. एवढीशी नदी समुद्रापर्यंत जाणार कशी?

ठमा थांबली नव्हती. पठारावर ती माणसांभोवती फेऱ्या मारत होती आणि एकेक चेहरा बघत होती. तिला गावातला प्रत्येक माणूस ठाऊक होता. दुसऱ्या फेरीत तिचे पाय थांबले आणि गोष्टही थांबली.

"भागी कुठंय?"

मग गर्दीतून एक बाई म्हणाली, "तिला ऐकू कुठं येतं?"

सगळ्यांच्या लक्षात आलं. गोष्टीमागं सगळे आले होते. जिला गोष्ट ऐकूच गेली नाही ती आपल्या खोपटात, डोंगराच्या अगदी खाली, टोपली विणत बसली होती. ठमानं कपाळावर हात मारून घेतला. वासरू कसं न्यायचं ते जिच्याकडून शिकली, तिलाच ती मागं ठेवून आली होती.

पाटील पुढं झाला. समोर आडव्या डोंगराच्या खांद्यावरची फट आता पठारावरूनही दिसत होती, काळी, लांबलचक. पाटलानं ती पाहिली. त्याला सगळं कळलं. "ठमे, जाऊ नको," तो म्हणाला, "मी जातो."

"तुमच्या हाकेनं ती यायची नाय, पाटील. तुमच्या खुणा तिला कळायच्या नायत." मग ती सगळ्यांकडं वळली. "गोष्ट इथंच धरून ठेवा. मी आल्याबिगर कुणी पुढं न्यायची नाय."

आणि ती उतारावरून धावत सुटली.

आता पुढचं जे सांगतो ते पठारावरच्या दोनशे माणसांनी पाहिलं, असं म्हणतात. ठमा सोंड उतरली तेव्हा डोंगरातून पहिला आवाज आला, जात्याच्या दोन तळ्या घासतात तसा. झाडं हलली. वरून दगड सुटले आणि अर्ध्यावर येऊन थबकले. थबकले, कारण ठमा बोलत होती. डोंगरही सकाळपासून गोष्ट ऐकत होता. त्याची कूस अवघडली होती, त्याला वळायचं होतं, पण वाळूच्या टेकडीवर अडलेली नदी त्यालाही पुढं न्यायची होती. ठमानं ते ओळखलं आणि गोष्टीचा शेवट त्याला एकट्याला सांगायला घेतला. धावता धावता, हळू आवाजात. पठारावर कुणाला एक अक्षर ऐकू आलं नाही. फक्त दिसत होतं की एक बाई ओठ हलवत गावातून वर पळते आहे, आणि तिच्या डोक्यावर अख्खा डोंगर श्वास रोखून उभा आहे.

ती खोपटात शिरली. भागीनं तिच्याकडं पाहिलं आणि विणायची टोपली खाली ठेवली. ठमानं काय खूण केली ते माहीत नाही. भागी लगेच उठली आणि तिनं आधी वासरू सोडलं. ठमानं म्हातारीला पाठीवर घेतलं. वासरू पुढं, त्या दोघी मागं. गाव ओलांडलं, ओढा ओलांडला, सोंडेचा चढ लागला. ठमा सांगतच होती. शब्द संपत आले होते आणि चढ संपत नव्हता, म्हणून ती एकेक शब्द लांबवून बोलत होती. पाटील आणि चार गडी पळत खाली आले, त्यांनी भागीला उचलून घेतलं, ठमाचा हात धरला. त्या क्षणी तिनं शेवटचा शब्द उच्चारला.

आडव्या डोंगरानं कूस बदलली.

तो आवाज घाटाखालच्या बाजारात ऐकू गेला. चिखल आणि दगडांची एक लाट आली, चाळीस घरं, देऊळ, चावडी, सगळं तिच्याखाली गेलं, आणि ती लाट सोंडेपर्यंत येऊन पाटलाच्या पायाशी थांबली. धुरळा आणि पाऊस एकत्र पडत होता. जेव्हा दिसायला लागलं तेव्हा खाली मोरदरी नव्हती. वर सगळी मोरदरी होती. एक माणूस कमी नव्हता.

पोरांनी ठमाला गराडा घातला आणि विचारलं, मग नदीचं काय झालं? ठमानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि नंतर कधीच नाही. तिचा आवाज डोंगरानं ठेवून घेतला, असं म्हणतात. त्या धावपळीत चिखल आणि धुरळा घशात गेला आणि आवाज बसला तो बसलाच, असंही म्हणतात. मोरदरीत दोन्ही सांगणारे आहेत आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत.

ते दिवस कठीण गेले. पठारावरच्या एका मोठ्या गुहेत सगळा गाव महिनाभर राहिला, कंद उकडून खाल्ले, घाटाखालच्या गावांनी नाचणी पाठवली. पण रडणं थोडं झालं आणि काम पुष्कळ झालं. पहिलं घर उभं राहिलं ते ठमा आणि भागीचं, दोघींचं मिळून एक. दुंदाजी पाटलानं त्याची मेढ स्वतः रोवली. रोवून झाल्यावर तो ठमासमोर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खेवजी पळाला होता. आणि मी त्याच्याच वंशातला." ठमा हसली. मग पाटलाला तिनं आपल्याजवळ बसवून घेतलं आणि भाकरी वाढली.

ठमा त्यानंतर वीस वर्षं जगली. भागीच्या खुणा तिच्या हातांत आणखी फुलल्या आणि ती हातांनी गोष्टी सांगू लागली. गंमत अशी की आता तिला बसूनही सांगता यायच्या. पोरं तिचे हात बघत दारात बसून राहायची. वाघाचा हात, राजाचा हात, नदीचा हात. नदीच्या गोष्टीचा शेवट मात्र तिनं हातांनीही सांगितला नाही. कुणी विचारलं की ती विचारणाऱ्याच्या छातीला बोट लावायची, म्हणजे तू सांग. मग तो सांगायचा. ती नीट ऐकायची. कुणाची नदी पाऊस होऊन समुद्रात पडली, कुणाच्या नदीला वाघ आणि झाड आणि नवरी आपापला घोट परत द्यायला आले, आणि एका लहानग्या मुलीनं सांगितलं की समुद्रच उठून टेकडी चढून आला. त्या दिवशी ठमानं त्या मुलीला गूळ दिला, असं म्हणतात.

ती गेली तेव्हा तिला ठमाई म्हणायला लागून बराच काळ झाला होता. तिची समाधी नाही, देऊळ नाही. गावानं तिच्या नावानं दुसरंच एक ठेवलं आहे, आणि ते आजही चालतं.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मोरदरीत चूल पेटत नाही. सकाळी त्या वर्षीचा सांगणारा, बाई असो की पुरुष, खालच्या टोकाच्या घरापासून सुपातल्या नदीची गोष्ट सुरू करतो आणि चालायला लागतो. बोलता बोलता त्याचे हातही चालतात, खुणा करत. गाव मागं निघतो. आजारी माणसाला खाटेसकट नेतात, बाळंतिणीला डोलीत नेतात. पठाराच्या वरच्या टोकाला माळ आहे, तिथं सगळे जमतात, आणि वाळूच्या टेकडीपाशी आल्यावर सांगणारा थांबतो.

गावात तेव्हा दोनच माणसं उरलेली असतात. त्यांना शेवटले म्हणतात, आणि तो मान मिळावा म्हणून लोक वर्षवर्ष वाट बघतात. हे दोघं घरोघर फिरतात. हाक मारत नाहीत. आत जातात, अंधाऱ्या कोपऱ्यात बघतात, माळ्यावर चढतात, पाळण्यात हात घालून बघतात, गोठ्यात वाकून बघतात. कुणी झोपलेलं, रुसलेलं, विसरलेलं सापडलं तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बरोबर घेतात. याला कधी वेळ लागतो. वर माळावर सगळा गाव पावसात उभा असतो, पोरं चुळबुळ करतात, गोष्ट ओठांवर आलेली असते, तरी कुणी घाई करत नाही.

मग ते दोघं चढ चढून येतात आणि सगळ्यांसमोर उभे राहतात. एक जण तोंडानं सांगतो, दुसरा तेच हातांनी सांगतो. "मागं कुणी नाय."

हे ऐकल्याशिवाय आणि पाहिल्याशिवाय मोरदरीत गोष्टीचा शेवट कुणी सांगत नाही.